डाव्या बाजूची शिलाई

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. खरंच होतं ते. डिचोलीच्या बाजारात मी पंचवीस-सव्वीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवले आणि कुणाचीही भीड ठेवली नाही. "हा गळा तुला शोभायचा नाही, बाय." "अगो, लग्नातलं माप कसलं सांगतेस, तीन बाळंतपणं झाली तुझी." बायका फणकाऱ्यानं निघून जायच्या आणि गणपतीची चवथ जवळ आली की कापड घेऊन मुकाट परत यायच्या, कारण माझ्या हातचा ब्लाऊज अंगावर बसायचा. सगळ्या बाजारात मी फटकळ म्हणून माहीत. अशी मी, एकाच बाईपुढे आठ वर्षं तोंड बंद ठेवून होते. ती माझी सख्खी मोठी बहीण, आणि त्या गप्प बसण्यातच ती गेली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता माझंही वय झालं, म्हणून लिहिते.

आमचं माहेर डिचोलीजवळ सर्वणला. वडील सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच होऊन गेले. ताई हुशार, शिकली, मराठी शाळेत मास्तरीण झाली आणि पेडण्याला दिली. मी नववीत पुस्तकं फेकली आणि शिवणाच्या क्लासला बसले. गोव्यात राजभाषेचं भांडण पेटलं होतं तेव्हा ताई शाळेतल्या गोष्टी सांगताना रडकुंडीला यायची. मी म्हणायचे, तुमचं मराठी-कोंकणी काय ते तुम्ही बघा, माझ्याकडे दोन्ही भाषेतल्या बायका येतात आणि दोघींच्या काखेतली शिलाई सारखीच उसवते. ती हसायची. हसताना तोंडावर हात धरायची सवय होती तिला.

गोवा राज्य झालं त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. ताईला डाव्या छातीत गाठ लागली. छत्तीस वर्षांची होती. भावोजींनी तिला मुंबईला नेलं, तिथं त्यांच्या मावशीकडे ती दोघं सात महिने राहिली. कॅन्सरच होता. छाती काढली, मग औषधांच्या बाटल्या, मग शेक. केस गेले. गावात कुणाला कळू द्यायचं नाही, असं ठरलं. पोरगी बारा-तेरा वर्षांची, उद्या तिच्या लग्नाच्या वेळी लोक म्हणतील आईकडून आलेलं आहे. म्हणून सगळ्यांना सांगितलं, गर्भाशयाचं ऑपरेशन झालं आणि मागाहून टायफॉइड झाला, त्यात केस गळले. टायफॉइडची युक्ती माझी. मला तेव्हा स्वतःच्या डोक्याचं फार कौतुक वाटलं होतं.

ती परत आली ती माझ्याकडेच आधी आली. दुकानाचं दार मी आतून लावलं, पडदा ओढला आणि म्हटलं, काढ, माप घेते. मी आपली मनाशी ठरवून बसले होते, की त्या बाजूला कापसाची भर घालून कसा ब्लाऊज शिवायचा. दोन रात्री विचार केला होता त्यावर. तिनं हुक काढले आणि मी बघतच राहिले. डाव्या बाजूला उभार होता. टाक्यांचा आडवा लांब व्रण, त्याच्याखाली उभार. उजवीपेक्षा थोडा वर, थोडा टणक, पण होता.

"हे काय?" मी विचारलं.

"सिलिकॉनचं असतं," ती म्हणाली. "आत बसवतात. डॉक्टरनी विचारलं, मी हो म्हटलं."

आता मी काय बोलायला हवं होतं? बरं झालं म्हणायला हवं होतं. निदान दुखतं का, एवढं तरी. पण सात महिने मी इकडे देव पाण्यात घालून बसलेले, तिच्या पोरीला दर आदितवारी जाऊन न्हाऊ घालत होते, आणि ही तिकडे हे करून आली, असं काहीतरी माझ्या डोक्यात शिरलं. मी म्हटलं, "कुणाला दाखवायचंय गो तुला? जीव वाचला तेवढं पुरे नव्हतं?"

ताईनं एकेक हुक लावला, पदर घेतला, आणि मग अगदी शाळेतल्यासारख्या आवाजात म्हणाली, "आजपासून ह्या गोष्टीवर तू माझ्याशी बोलायचं नाहीस. मीही बोलणार नाही. ब्लाऊज मात्र तूच शिवायचे, दुसऱ्या कुणाला मी अंगाला हात लावू देणार नाही."

"नाही बोलत, जा," मी म्हटलं.

आमच्या घरात सगळी माणसं हट्टी. ती बोलली नाही आणि मीही बोलले नाही. वर्षाला सहा-सात ब्लाऊज तिचे मी शिवले. डाव्या बाजूचा टक्स वेगळा, उजव्या बाजूचा वेगळा, बाहीचा मुंढा डावीकडे किंचित खोल. दोन्ही बाजू बाहेरून सारख्या दिसायच्या. माप घेताना आम्ही पावसाबद्दल बोलायचो, शाळेबद्दल बोलायचो. माझा हात त्या बाजूला गेला की ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. तो व्रण हळूहळू पांढरा झाला, अंगात मुरला. तिला साखरेचा आजार लागला, गोळ्या सुरू झाल्या, त्याबद्दल आम्ही तासन्‌तास बोललो. ह्या एका गोष्टीबद्दल नाही.

तिनं ते का करून घेतलं, हे मला फार पुढे भावोजींनी सांगितलं. फळ्यावर लिहायला हात वर केला की पदर सरकतो. चाळीस पोरं मागे बसलेली. तिनं डॉक्टरला एवढंच विचारलं होतं, मला फळ्यावर लिहिता येईल ना? दाखवायचंच नव्हतं तिला कुणाला. उलट कुणी बघू नये म्हणून केलं होतं. आणि मी काय बोलून बसले होते!

आठ वर्षं गेली. भाचीचं लग्न ठरलं, म्हापशाकडचा मुलगा, बँकेत नोकरीला. तुळशीचं लग्न झालं की पुढच्या पंधरवड्यात मुहूर्त. सगळं जमून आलं होतं. त्याच वर्षी चवथीच्या आठवडाभर आधी ताई पेडण्याहून बसनं आली. खाणीच्या ट्रकांनी उडवलेली लाल धूळ पदरानं झटकत दुकानात शिरली, पिशवीतून एक ब्लाऊज काढून माझ्या मेजावर ठेवला.

"डावीकडे घट्ट होतोय," ती म्हणाली.

ब्लाऊज शिवताना आत जास्तीचं कापड सोडतात, बाई पुढेमागे भरली तर उसवून सैल करता यावा म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो. मी डाव्या काखेखालची शिलाई उसवली, पाव इंच सैल केला, परत टीप मारली. दहा मिनिटांचं काम. ती बांकावर बसून बघत होती. मी विचारलं, "कसं आहे आता?" ती म्हणाली, "बरा बसला." तिनं चहा घेतला, पाव बुडवून खाल्ला, आणि दुपारच्या बसनं गेली. एका ब्लाऊजसाठी ती पेडण्याहून दोन बसगाड्या बदलून कशाला आली, हा प्रश्न मला पडला. मी तो गिळला.

दसऱ्याला ती परत आली. ह्या वेळी तीन ब्लाऊज. "डावीकडे," ती म्हणाली. मी माप घेतलं. ते आधीच्यापेक्षा पाव इंच जास्त भरलं, उजवीकडचं होतं तेवढंच होतं. टेप धरलेल्या माझ्या हाताला ऊन लागलं. अंगाला ताप असला की लागतं तसं, पण तेवढ्याच जागी. मी टेप सोडला. ताई कॅलेंडरकडे बघत नव्हती ह्या वेळी. आरशातून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "साखर सांभाळ. सुटत चाललीस."

"हो," ती म्हणाली. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग हुक लावले.

ती तशी का उभी राहिली होती, हे आता कुणी मला समजावून सांगायला नको.

तिसऱ्यांदा ती दिवाळीनंतर आली, भाचीला घेऊन. लग्नाची कापडं होती, जरीच्या साड्या होत्या, भाचीचे सात ब्लाऊज शिवायचे होते. पोरगी आनंदात होती, गळा असा हवा, बाही तशी हवी, माझं डोकं खात होती. मी तिला दटावत होते, "नवऱ्याला गळा बघायला वेळ नसतो गो पहिलं वर्ष," आणि ती लाजून हसत होती. ताई बांकावर बसलेली. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मला वाटलं, लग्नघर आहे, दमली असेल. नाही, तसंही वाटलं नाही. असं वाटून घ्यायचं मी ठरवलं.

तिनं लग्नात नेसायच्या साडीवरचा ब्लाऊज काढला. मीच महिन्यापूर्वी शिवलेला, जांभळा. "हा पण," ती म्हणाली.

मी उसवला. आतली सगळी माया सोडली. आधी दोनदा सोडलेल्या हिशेबानं मीच तो सैल शिवला होता, तरी पुरत नव्हता. मग मी त्याच कापडाची उरलेली चिंधी शोधली, काखेखाली बोटभर रुंदीची पट्टी जोडली, जर जरीला जुळवली, वरून इस्त्री फिरवली. जोड शोधूनही सापडला नसता. मी तो दिव्याखाली धरून भाचीला दाखवला, "बघ, ह्याला म्हणतात हात!" भाची म्हणाली, "मावशी, तू म्हणजे ना!" ताईनं तो घडी करून पिशवीत ठेवला आणि माझ्या दंडाला नुसता हात लावला.

पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली. भावोजींचा फोन. ताईला चार दिवस थंडी वाजून ताप येतोय, गावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, उतरत नाही, आज तिला उठवत नाही. मी दुकान तसंच टाकलं आणि टॅक्सी करून निघाले. अस्नोडा, म्हापसा, कोलवाळचा पूल. मला ठाऊक होतं काय बघायला चाललेय ते.

गावचा डॉक्टर म्हणजे भावोजींचा चुलतभाऊ. भला माणूस. त्यानं घसा बघितला, पोट दाबून बघितलं, लघवी तपासायला पाठवली. पूर्वी गर्भाशयाचं ऑपरेशन झालंय हे त्याला घरातलाच म्हणून ठाऊक होतं, त्यानं त्याच वाटेनं शोधलं. दिराला ब्लाऊजचे हुक काढून दाखवायचे कसे, आणि दाखवले तर आठ वर्षांचं खोटं पोरीच्या लग्नाच्या तोंडावर कसं उघडं पाडायचं? ताईनं त्याला ताप सांगितला, अंगदुखी सांगितली. बाकी काही नाही. भावोजींना तिनं शपथ घातली होती, लग्न होऊन जाऊ दे, मग मुंबईला जाऊ.

मी खोलीत शिरले, भाचीला बाहेर घालवली, दार लावलं. जनेलाची झडप उघडी होती, उजेड भरपूर होता. ताई पांघरुणात कुडकुडत होती. मी न विचारता तिचे हुक काढले. तिनं अडवलं नाही. डावी बाजू लालभडक, चकाकत होती, कातडी ताणून फुटायला आलेली. त्या जुन्या पांढऱ्या व्रणाच्या एका टोकाला कातडी पातळ होऊन आतून पिवळं दिसत होतं, आणि वास येत होता. देवा! मी माझा हात त्यावर ठेवला आणि लगेच काढला, इतकं ते पोळत होतं.

"आता बोलू?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मी दार उघडून ओरडले, टॅक्सी थांबवून ठेवा.

मोठ्या हॉस्पिटलात तिला तपासायला एक तरुण डॉक्टरीण आली. कोंकणीत बोलत होती, आवाज मऊ. मी तिला सगळं सांगितलं. भाची तिथेच उभी होती, तिनंही ऐकलं. कॅन्सर, मुंबई, सिलिकॉन, सगळं. पोरीचा चेहरा मी बघितला नाही. डॉक्टरीण म्हणाली, हे जंतू असे वर्षांनीही येतात. किडक्या दातातून, पायाच्या फोडातून, कुठूनही रक्तात शिरतात आणि त्या बाहेरच्या वस्तूला जाऊन चिकटतात. तिथं शरीराचं काही चालत नाही, गोळ्यांचंही नाही. एकदा घट्ट बसले की ती वस्तूच काढावी लागते, आणि जितकी लवकर काढू तितकं बरं. साखर असलेल्या बाईला तर फारच.

मग तिनं विचारलं, "सूज कधीपासून आहे?"

भावोजी म्हणाले, "चार-पाच दिवस."

"चवथीच्या आधीपासून," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी शिवण करते. तिचे ब्लाऊज मीच सैल केले. चवथीला पाव इंच, दसऱ्याला पाव. गेल्या आठवड्यात बोटभर पट्टी जोडली."

डॉक्टरीण लिहायची थांबली. मला वाटलं ती ओरडेल. तिनं ओरडावं असंच मला वाटत होतं. तिनं फक्त विचारलं, "गरम लागत होतं?" मी म्हटलं, दसऱ्याला लागलं होतं. तिनं तेही कागदावर लिहिलं.

त्याच दिवशी ते काढलं. आत नुसता पू होता, असं भावोजींना सांगितलं. पण तोवर विष रक्तात पसरलं होतं. मूत्रपिंडं थकली होती. बाटलीमागून बाटली लावत होते. मुलाकडची माणसं दुसऱ्या दिवशी बघायला आली, सगळं त्यांना कळलं होतं. मुलाची आई भाचीला जवळ घेऊन बसली आणि म्हणाली, आधी सांगितलं असतं तर आम्ही काय तुम्हाला खाणार होतो? मी भिंतीला टेकून उभी होते. त्या बाईचा मला इतका राग आला की विचारू नका. बिचारी चांगलंच बोलत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई शुद्धीवर होती. मला आत सोडलं. हात सुजलेले, नाकात नळी, पण डोळे तिचेच होते. मी तिच्या उशाशी वाकले. आठ वर्षांचं सगळं एकदम ओकून टाकायचं होतं मला. पहिल्या दिवशी दुकानात जे बोलले त्याची माफी मागायची होती. आणि माझ्या तोंडातून आलं काय? माझ्या ह्या मेल्या तोंडातून? "अगो, मला सांगायचं तरी होतंस!" तेही रागानंच.

ताई माझ्याकडे बघत राहिली. नळीमुळे आवाज खरवडून येत होता.

"तीनदा आले ना मी डिचोलीला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मला वाटलं तू सुटलीस."

"एकाच बाजूनं?"

ती चिडली नव्हती. वर्गात पोराचं गणित चुकलं की विचारायची, तसं तिनं विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. मला तसं कधीच वाटलं नव्हतं. पहिल्या पाव इंचाला मला कळलं होतं की आत काहीतरी बिघडलंय, आणि दसऱ्याला हाताला ऊन लागलं तेव्हा खात्री पटली होती. पण बोलायचं नाही हे तिनं ठरवलेलं, तर तोंडही तिनंच आधी उघडावं, मी का उघडू, म्हणून मी अडून बसले होते. तीन वेळा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तीन वेळा मी शिलाई उसवून तिला परत पाठवली.

हे तिला सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात नर्स आली आणि म्हणाली, पेशंटला बोलायला लावू नका, बाहेर व्हा. मी बाहेर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गेली.